एका यंत्राचीं दोन नांवें

पंढरपुरासारख्या क्षेत्रीं वारीच्या दिवसांत धर्मशाळेच्या दारांत घटकाभर उभें राहिलें, तर एक साधा व्यवहार पाहावयास मिळतो. प्रवासी येतो व "जागा आहे काय?" असें विचारतो. कारभारी वही उघडून रिकामी खोली पाहतो आणि "अमुक खोली मिळेल" असें सांगतो. प्रवासी "तीच द्या" म्हणतो. मग कारभारी त्याचें नांव वहींत मांडतो, किती दिवसांची मुदत आहे तें सांगतो व किल्ली हातीं देतो. गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या संगणकवर्गांत जी एक अडचण उद्भवली, व जिनें आम्हां संगणकमंडळाच्या विद्यार्थ्यांस तीन आठवडे हैराण केलें, तिचें सर्व मर्म या धर्मशाळेच्या वहींत सांपडतें, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे, आणि तींत आमच्या हातून एक अन्यायहि घडला. म्हणून ती सविस्तर सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अनेक संगणक एकमेकांस जोडले म्हणजे त्यांचें एक जाळें होतें. या जाळ्यांत प्रत्येक यंत्रास पत्ता लागतो. कारण पत्त्यावांचून टपाल पोंचत नाहीं. हा पत्ता चार आंकड्यांचा असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०५. एकच पत्ता दोन यंत्रांस मिळाला, तर एकाचें टपाल दुसऱ्याकडे जाऊं लागतें. पूर्वीं हे पत्ते माणसें हातानें लिहून ठेवीत. पण यंत्रें वाढलीं तसें तें काम अवघड झालें. १९८५ सालीं बूटपी नांवाची एक पद्धति निघाली. तिच्याच पायावर राल्फ ड्रॉम्स यांनीं मांडलेली नवी पद्धति १९९३ च्या आक्टोबरांत प्रसिद्ध झाली व १९९७ च्या मार्चांत ती सुधारण्यांत आली. तिचें नांव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, म्हणजेच डीएचसीपी. आज घरोघरीं, शाळांत व कचेऱ्यांत यंत्रांस आपोआप पत्ता मिळतो तो बहुधा याच पद्धतीनें.

या पद्धतींत धर्मशाळेप्रमाणेंच चार निरोप असतात. नुकतें सुरू झालेलें यंत्र कोणासच ओळखत नसतें. म्हणून तें सर्वांस ऐकूं जाईल अशा रीतीनें, म्हणजे २५५.२५५.२५५.२५५ या सर्वसाधारण पत्त्यावर, "कोणी पत्ता देतें काय?" असें ओरडतें. हा पहिला निरोप डिस्कव्हर. पत्ते वांटणारें यंत्र "अमुक पत्ता देतों" म्हणून उत्तर देतें, तो ऑफर. मागणारें यंत्र "तोच हवा" म्हणतें, तो रिक्वेस्ट. आणि वांटणारें यंत्र "दिला, नोंद झाली" असें कळवितें, तो ॲक. पत्ता कायमचा मिळत नाहीं. त्यास मुदत असते. सामान्यतः अर्धी मुदत सरली म्हणजे यंत्र ज्यानें पत्ता दिला त्याच्याकडे मुदतवाढ मागतें. तेथून उत्तर न आल्यास सात-अष्टमांश मुदत सरल्यावर जो कोणी वांटणारा ऐकेल त्याच्याकडे मागतें.

आतां आमच्या वर्गाकडे वळूं. आमच्या संगणकवर्गांत ३० यंत्रें आहेत. संगणकाचें सर्व काम चालविणारी जी मूळ प्रणाली, तीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आमच्या प्रत्येक यंत्रावर अशा दोन प्रणाली घातलेल्या आहेत: विंडोज आणि लिनक्स. यंत्र सुरू करतांना हवी ती निवडावयाची. सकाळीं नववीचा वर्ग विंडोजवर काम करी व दुपारीं आमचा दहावीचा वर्ग लिनक्सवर. पत्ते वांटण्याचें काम भिंतीवरील राऊटर करी. त्याच्याजवळ १९२.१६८.१.१०० पासून १९२.१६८.१.१४९ पर्यंत ५० पत्ते होते, आणि प्रत्येकाची मुदत आठ दिवसांची होती. तीस यंत्रांस पन्नास पत्ते पुरून उरतील, अशी सर्वांची समजूत होती.

दिवाळीपूर्वीं लिनक्सवर काम करणारे आम्ही मंडळाचे आठच विद्यार्थी होतों. तेव्हां कसलीच अडचण आली नाहीं. दिवाळीनंतर सबंध वर्ग लिनक्सवर बसूं लागला. पहिल्याच दिवशीं वीस यंत्रांस पत्ता मिळाला, दहांस मिळाला नाहीं. हीं दहा यंत्रें मागच्या दोन रांगांतील होतीं. तेथें बसणारीं मुलें बाहेरगांवाहून एस.टी.नें येत. गाडी उशिरां पोंचे, म्हणून तीं सर्वांच्या शेवटीं वर्गांत येत, व मागें ज्या जागा उरत त्यांवर बसत. आम्ही मात्र तर्क केला कीं, या मुलांनीं यंत्रांत कांहीं तरी उलटसुलट केलें असावें. तर्क करून थांबलों असतों तरी बरें होतें; पण आम्हीं तसें आमच्या विज्ञानशिक्षकांस जाऊन सांगितलें. तीन आठवड्यांनीं प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि उत्तरें जाळ्यावरूनच पाठवावयाचीं होतीं. पत्ता नाहीं म्हणजे उत्तर पाठवितां येणार नाहीं, आणि उत्तर नाहीं म्हणजे गुण नाहींत. दहा मुलांचें वर्षाचें काम यावर अवलंबून होतें.

शिक्षक रागावले नाहींत. ते इतकेंच म्हणाले, "आरोप केलात, आतां पुरावा आणा." आम्ही तपासास लागलों. प्रथम तारा पाहिल्या. तार जेथें जोडतात तेथील दिवा लागत होता. पुढच्या रांगेंतील चांगली तार मागें लावून पाहिली. फरक पडला नाहीं. मग तेंच यंत्र विंडोजमध्यें सुरू केलें, तों पत्ता तत्काळ मिळाला. येथें आमची मोठी चूक झाली. "विंडोजला मिळतो, लिनक्सला मिळत नाहीं, त्या अर्थीं लिनक्स बिघडलें आहे, आणि तें त्या मुलांनींच बिघडविलें," असा निष्कर्ष आम्हीं काढला. दोन यंत्रांवर लिनक्स पुन्हां नव्यानें घातलें, त्यांत सबंध रविवार गेला. दुसऱ्या दिवशीं वर्ग भरल्यावर पाहतों तों स्थिति होती तशीच!

तेव्हां शिक्षकांनीं एक युक्ति सुचविली. ते म्हणाले, "तुम्हीं जुनें विंडोज व जुनें लिनक्स यांची तुलना केलींत. जें यंत्र या वर्गांत कधींच आलें नाहीं, तें लावून पाहा." त्यांनीं आपला स्वतःचा लॅपटॉप आणला. त्यावर विंडोज होतें. वर्ग चालूं असतां तो जोडला, आणि त्यालाहि पत्ता मिळाला नाहीं. त्यानें १६९.२५४ नें आरंभ होणारा एक आंकडा दाखविला.

या आंकड्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मागूनहि पत्ता मिळाला नाहीं, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ या गटांतील एक पत्ता धारण करतें. ही रीत विंडोज ९८ पासून आहे; पुढें २००५ मध्यें तिचा सर्वमान्य नियमहि झाला. मॅक संगणकहि असेंच करतो व पत्ता स्वतःच घेतल्याचें सांगतो. अशा पत्त्यानें बाहेरच्या जाळ्याशीं व्यवहार होत नाहीं. "मीं मागितला, पण मला कोणीं दिला नाहीं," एवढाच त्याचा अर्थ. आमचें लिनक्स मात्र असा पत्ता घेत नसे. तेथें जागा कोरीच राही. एकाच रोगाचीं दोन प्रणालींत दोन निराळीं लक्षणें दिसतात, आणि अजाण माणूस त्यांस दोन निराळे रोग समजतो. आमचें तसेंच झालें होतें.

नवें विंडोजहि उपाशी राहिलें, त्या अर्थीं दोष लिनक्सचा नव्हता. मग आम्हीं राऊटरच्या पानावर जाऊन दिलेल्या पत्त्यांची यादी उघडली. हीच ती कारभाऱ्याची वही. ती पहिल्याच दिवशीं पाहिली असती तर तीन आठवडे वांचले असते! वहींत ५० ओळी होत्या आणि पन्नासहि भरलेल्या होत्या. यंत्रें मात्र तीसच. बारकाईनें पाहिलें तों प्रत्येक ओळींत यंत्राच्या जाळें-पट्टीचा मूळ क्रमांक होता, ज्यास मॅक पत्ता म्हणतात. आणि पुढच्या रांगांतील वीस यंत्रांचे मूळ क्रमांक प्रत्येकीं दोन दोन ओळींत होते. देह एकच, खोल्या मात्र दोन!

असें कां व्हावें? नियम असा आहे कीं, पत्ता मागणारें यंत्र आपल्या मागणींत स्वतःचें एक ओळखनांव सांगूं शकतें. तें सांगितलें असेल, तर वांटणाऱ्यानें त्याच नांवानें त्यास ओळखावें. सांगितलें नसेल, तर मॅक पत्त्यावरून ओळखावें. विंडोज आपलें ओळखनांव म्हणून ०१ हा आंकडा व त्यापुढें मॅक पत्ता पाठवितें. आमच्या लिनक्समध्यें पत्ता मागण्याचें काम सिस्टिमडी-नेटवर्कडी नांवाचा भाग करीत असे. तो निराळेंच, एफएफ या अक्षरांनीं आरंभ होणारें लांबलचक नांव पाठवितो. प्रणाली घालतेवेळीं यंत्राच्या आंत जो एक स्वतंत्र क्रमांक तयार होतो, त्यावरून हें नांव बनतें. २००६ च्या एका नियमांत अशा नांवाची शिफारसहि आहे. म्हणजे दोन्ही प्रणाली नियमाला धरूनच चालल्या होत्या. पण एकच यंत्र सकाळीं एक नांव सांगे व दुपारीं दुसरें. आणि बिचारा कारभारी त्यांस दोन प्रवासी समजे.

आतां हिशेब पाहा. सकाळीं तीस यंत्रांनीं विंडोजच्या नांवानें ३० पत्ते घेतले. यंत्र बंद करतांना विंडोज पत्ता परत करीत नाहीं. आठ दिवसांची मुदत असल्यामुळें त्या खोल्यांस कुलूपच राहिलें. उरले २०. दुपारीं तींच यंत्रें लिनक्सच्या नांवानें मागूं लागलीं. पहिल्या वीसांस मिळाले, आणि जीं शेवटीं सुरू झालीं त्या दहांस मिळाले नाहींत. शेवटीं कोणतीं सुरू झालीं? ज्यांवर बसणारीं मुलें उशिरां येणाऱ्या गाडीनें आलीं तीं! त्या मुलांनीं कशासहि हात लावला नव्हता. त्यांचा अपराध इतकाच कीं त्यांचें गांव दूर होतें.

उपाय तीन होते. पहिला, पत्त्यांची संख्या वाढविणें. पन्नासाचे शंभर केले असते तर साठ नांवें सहज मावलीं असतीं. हा उपाय सोपा खरा, पण त्यानें मूळ दुखणें झांकतें. दुसरा, मुदत आठ दिवसांवरून दोन तासांवर आणणें, म्हणजे सकाळच्या खोल्या दुपारपर्यंत मोकळ्या होतात. जेथें माणसें सतत येतात-जातात, तेथें हाच उत्तम. तिसरा, दोन्ही प्रणालींकडून एकच नांव सांगविणें. नेटवर्कडीच्या मांडणींत 'क्लायंट-आयडेंटिफायर' या ओळीपुढें 'मॅक' असें लिहिलें म्हणजे तोहि विंडोजप्रमाणेंच ०१ व मॅक पत्ता पाठवितो. जेथें मांडणी नेटप्लॅनमधून होते, तेथें 'डीएचसीपी-आयडेंटिफायर' पुढें 'मॅक' असें लिहावें लागतें. आम्हीं हा तिसरा उपाय केला, राऊटरची यादी पुसून टाकली व सर्व यंत्रें पुन्हां सुरू केलीं. यादींत बरोबर तीस ओळी आल्या. यंत्र विंडोजमध्यें असो कीं लिनक्समध्यें, पत्ता एकच राहूं लागला. परीक्षेच्या दिवशीं मागच्या दोन्ही रांगांतून उत्तरें वेळेवर गेलीं.

याच्या उलट प्रकारहि घडतो, तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. श्रम वांचविण्यासाठीं पुष्कळदां एका यंत्रावर लिनक्स घालून त्याची हुबेहूब नक्कल इतरांवर उतरवितात. तेव्हां आंतला तो स्वतंत्र क्रमांकहि नकलेबरोबर जातो, आणि निरनिराळीं यंत्रें एकच नांव सांगूं लागतात. कारभारी त्यांस एकच प्रवासी समजून एकच खोली देतो, व तीं एकमेकांच्या पायांत पाय अडकवितात. नक्कल करण्यापूर्वीं मशीन-आयडी या फाईलींतील मजकूर पुसून ती रिकामी ठेवली, म्हणजे प्रत्येक यंत्र सुरू होतांना आपला नवा क्रमांक तयार करतें.

हातांतील फोनांचीहि अशीच तऱ्हा आहे. २०१९ चें अँड्रॉइड १० व २०२० चें आयओएस १४ यांपासून, मालकाचा माग कोणास काढतां येऊं नये म्हणून, फोन प्रत्येक वायफाय जाळ्यास खरा मॅक पत्ता न सांगतां बनविलेला सांगतात. हेतु चांगला, परंतु एखाद्या फोनासाठीं मॅक पत्त्यावरून खास पत्ता राखून ठेवला असेल, तर तो त्यास मिळत नाहीं, आणि "राऊटर बिघडला" अशी ओरड होते. त्या एका जाळ्यापुरती ती सोय बंद केली म्हणजे काम होतें.

कधीं नांवाचा नव्हे, तर उत्तर देण्याच्या रीतीचा प्रश्न असतो. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा बाजारांत आलें, तेव्हां तें पत्ता मागतांना "उत्तर सर्वांस ऐकूं जाईल असें द्या" अशी खूण करीत असे. त्याच्या आधींचें विंडोज एक्सपी अशी खूण करीत नसे. नियमाप्रमाणें ती खूण करण्यास हरकत नाहीं. पण कांहीं राऊटरांस तसें उत्तर देणें जमत नव्हतें. त्यामुळें त्याच घरांत, त्याच तारेवर जुन्या यंत्रास पत्ता मिळे आणि नव्यास मिळेना. शेवटीं ती खूण काढून टाकण्याची कृति मायक्रोसॉफ्टनें एका पत्रकांत सांगितली. येथेंहि दोष एका बाजूच्या माथीं मारून भागत नाहीं. बोलणाऱ्याचें बोलणें आणि ऐकणाऱ्याचें ऐकणें यांचा मेळ बसला नव्हता.

ज्या वाचकांवर असा प्रसंग येईल, त्यांच्यासाठीं तपासाचा क्रम येथें देतों. प्रथम तार व दिवा पाहावा. मग यंत्रास कोणता पत्ता आहे तें पाहावें; विंडोजमध्यें 'आयपीकॉन्फिग' व त्यापुढें 'ऑल' ही आज्ञा, आणि नेटवर्कडी असलेल्या लिनक्समध्यें 'नेटवर्कसीटीएल स्टेटस' ही आज्ञा तें सांगते. १६९.२५४ दिसलें किंवा जागा कोरी दिसली, तर मागणी निष्फळ झाली असें समजावें. निराळ्याच गटांतील पत्ता दिसला, तर कोणीं दुसरा राऊटर तर जोडून ठेवला नाहीं ना, हें शोधावें. कारण एका धर्मशाळेंत दोन कारभारी बसले म्हणजे गोंधळ ठरलेलाच. नंतर पत्ता सोडून पुन्हां मागावा. विंडोजमध्यें त्यासाठीं 'रिलीज' व 'रिन्यू' असे दोन शब्द आहेत. तरीहि न मिळाल्यास कारभाऱ्याची वही उघडावी, ओळी मोजाव्या, आणि एकच मॅक पत्ता दोनदां आला आहे काय तें पाहावें. अखेरीस वायरशार्कसारख्या साधनानें ते चार निरोप प्रत्यक्ष पाहावे: डिस्कव्हर निघालाच नसेल तर दोष मागणाऱ्याकडे असण्याचा संभव, निघाला पण ऑफर आला नाहीं, तर वाटेंत किंवा वांटणाऱ्याकडे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कोणत्या गोष्टीनें गुण आला हें कळत नाहीं.

परीक्षा झाल्यावर आम्ही मंडळाचे आठहि जण मागच्या रांगांपाशीं गेलों व त्या दहा सोबत्यांची क्षमा मागितली. त्यांनीं ती हंसत हंसत केली. त्यांपैकीं दोघे आतां आमच्या मंडळांत आहेत, आणि शनिवारीं राऊटरची यादी तपासण्याचें काम त्यांच्याकडे आहे. त्यांची गाडी अजूनहि उशिरांच येते. पण पत्ता मात्र आतां शेवटीं येणाऱ्यासहि मिळतो.